शोभेचं

पाकिटावर चित्र होतं. तीन पानं,
जांभळी, जवळजवळ काळी,
कडेला दोऱ्याएवढी हिरवी किनार.
लक्ष्मीपुरीतला बियाणेवाला म्हणाला,
"शोभेचं आहे, मिस्त्री.
खायचं नाही, देवाला वाहायचं नाही, विकायचं तर नाहीच."
म्हटलं, दे.
बत्तीस वर्षं उपयोगाचंच केलं.

बी कसलं, खसखशीची थोरली बहीण.
"जरा घासून घ्या," तो म्हणाला,
"कवच लई कडक. नाहीतर वर्षवर्ष झोपून राहतं."

घासायचं? हे मला सांगतोस?
उद्यमनगरात सागवानी पॅटर्न केले मी,
पंपाचे, ऑइल इंजिनच्या हेडचे.
कागद फिरवताना बोटाला कळायचं
अजून अर्धा सूत उतरायला हवं.
मग ते लाकूड वाळूत दाबायचं,
वाळूनं आकार धरला की अलगद काढून घ्यायचं.
त्या पोकळीत ओतलेलं लोखंड
गावोगावच्या विहिरींवर गेलं.
लाकूड परत फळीवर.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी
पॉलिश पेपरच्या दोन तुकड्यांत धरलं बी.
एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा थांबलो.
हल्ली हात कापतो,
आणि कापणारा हात किती घासेल
ते हातालाही माहीत नसतं.

रात्रभर वाटीत भिजवलं.
सकाळी बरीच फुगलेली,
काही तशीच, तळाशी, टणक.
"ती टाकू नका," अक्काताई म्हणाली, "मी ठेवतो."
आमच्याकडं बायका असंच बोलतात, मी येतो, मी जातो.
पुण्याची सून पहिल्या वर्षी हसली.
आता तीही म्हणते, मी जेवलो.

माती चाळली. बी वरच भुरभुरलं,
झाकलं नाही,
नुसतं तळहातानं दाबलं.
दाबताना जुनी सवय आठवली हाताला,
तेवढ्यापुरता कापायचा थांबला.

सहाव्या दिवशी दोन पानं,
कुणाचीही असतात तशी.
मग एकच पान, वाटोळं.
मी घाबरलो. साचा चुकला?
मग तीन.
दोन, एक, तीन. ही कुठली मोजणी?
ड्रॉइंगमध्ये असं असतं तर परत पाठवलं असतं.
जांभळी निघाली अकरा. बाकी सगळी हिरवी.

हिंदुराव चौगले दूधकट्ट्यावरनं
रिकाम्या किटल्या वाजवत येत होता. वाकून बघितलं.
"मिस्त्री, हा तर बरसीमचा भाऊ. म्हशीला घालत्यात ह्यो."
"शोभेचा आहे."
"ते म्हशीला कुठं कळतंय?"

रेडकालाही कळलं नाही.
मार्गशीर्षातला गुरुवार,
अक्काताई घट मांडण्यात गुंतलेली,
मी दाढी करत होतो, गालाला फेस.
दावं सुटलं होतं त्याचं.
अकराही जांभळी, आणि हिरवी,
मातीलगत साफ.
मी ओरडलो तेव्हा त्यानं मान वर केली,
ओठाला एक पान चिकटलेलं.

हिंदुराव संध्याकाळी खालमानेनं आला,
अर्धा लिटर दूध घेऊन, रेडकाच्या आईचं.
पैसे घ्यायला तयार नाही.
चहाला घेण्याआधी मी पातेल्यात डोकावलो.
पांढरंच होतं.

मी वाफ्याकडं बघायचं सोडलं.
पाणी कोण घालतंय तेही विचारलं नाही.
मग संक्रांतीच्या आसपास, खुरपं शोधताना दिसलं,
थोटकांतून फुटलंय,
आधीपेक्षा दाट, बुटकं, जमिनीला धरून.
हे छाटायचं असतं म्हणे मधूनमधून.
पाकिटावर लिहिलं नव्हतं,
किंवा असेल, चष्म्याशिवाय वाचलं नसेल.

एक रोप उपटून पाहिलं. मुळाला बारीक गाठी,
भट्टीबाहेर सांडलेल्या लोखंडाच्या थेंबांसारख्या,
पण मऊ, फिकट गुलाबी.
जमिनीला पोसतात म्हणे त्या, रोप वाळून गेल्यावरही.
पुन्हा खोचलं. दिवसभर मान टाकून होतं.

न फुगलेली एकोणीस बी
कुंकवाच्या जुन्या करंड्यात आहेत.
काल कागद काढला, आणि ठेवून दिला.
अक्काताई झारी घेऊन उठली.
"बसा तुम्ही," म्हणाली, "मी घालतो पाणी."